प्रश्नही त्याचाच, उत्तरही त्याचंच

स्टॅक ओव्हरफ्लो हे जगभरच्या प्रोग्रामरांचं प्रश्नोत्तरांचं ठिकाण. जेफ ॲटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी ते २००८ मध्ये सुरू केलं. तिथे प्रश्न विचारताना एक सोय मिळते: हवं तर प्रश्नासोबत स्वतःचं उत्तरही लिहायचं आणि दोन्ही एकदम टाकायचं. कुणी एखादी अडचण रात्रभर झटून सोडवली असेल, तर पुढच्याला तेवढा त्रास पडू नये म्हणून ही सोय. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट अशा उत्तराचे गुण तीन किंवा त्याहून जास्त झाले की ‘सेल्फ-लर्नर’ नावाचं कांस्यपदक मिळतं.

आता तोच प्रश्न आणि तेच उत्तर घ्या. एका अक्षराचाही बदल करू नका. फक्त प्रश्न एका खात्यावरून टाका आणि उत्तर दुसऱ्या खात्यावरून. पदक मिळणं दूरच, दोन्ही खाती बंद होण्याची वेळ येऊ शकते. माहिती तीच, लिहिणारा तोच, वाचकाला होणारा उपयोगही तोच. मग बदललं काय? ऑनलाइन प्रश्नोत्तरांच्या दुनियेत छुपी जाहिरात कशी ओळखतात आणि कशी हाताळतात, हे समजून घ्यायचं तर या कोड्यापासून सुरुवात करावी लागते.

छुपी जाहिरात दिसते कशी, ते आधी जवळून पाहू. एक जण विचारतो, ‘आउटलुकची ओएसटी फाइल उघडत नाही, सगळ्या मेल अडकल्या आहेत, पीएसटीमध्ये कशी बदलता येईल?’ दोन दिवसांनी एक उत्तर येतं. त्यात क्रमवार पाच-सहा पायऱ्या असतात: आउटलुक उघडा, फाइलवर जा, निर्यातीचा पर्याय निवडा. पायऱ्या बरोबरच असतात, कारण त्या मायक्रोसॉफ्टच्याच मदतपानावरून उचललेल्या असतात. मग शेवटची ओळ येते: ‘याने जमलं नाही तर अमुक कन्व्हर्टर वापरून पाहा, माझं काम लगेच झालं.’ त्याच ओळीत दुवा. तासाभरात प्रश्नकर्ता परत येतो, आभार मानतो आणि उत्तरावर ‘स्वीकारलं’ची हिरवी खूण लावून जातो. डेटा परत मिळवून देणाऱ्या सॉफ्टवेअरची जाहिरात या साच्यात इतक्या वेळा झाली आहे, की अनुभवी सदस्याला प्रश्नाचं शीर्षक वाचूनच शंका येते.

शंका का येते, हे पाहिलं की मी थक्क होतो. खोटेपणा त्या उत्तरात जेवढा दिसतो त्याहून जास्त त्या प्रश्नात दिसतो. खरोखर अडलेला माणूस आपल्या अडचणीचा सगळा पसारा घेऊन येतो. त्याच्या प्रश्नात एररचा आकडा असतो, आउटलुकची आवृत्ती असते, ‘कालपर्यंत चालत होतं, ऑफिसच्या माणसाने अपडेट टाकलं आणि बिघडलं’ अशी तक्रार असते, फसलेले दोन-तीन उपाय असतात. रचलेला प्रश्न मात्र स्वच्छ असतो, कारण तो उत्तर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला असतो. उत्तरात बसणार नाही असं त्यात काही नसतंच. शिवाय घाईतला माणूस सॉफ्टवेअरचं नाव अर्धवट लिहितो, चुकीचं लिहितो. इथे ते पूर्ण, कंपनीच्या माहितीपत्रकात छापतात तसं, मोठ्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या प्रत्येक शब्दासकट येतं.

हा एवढा खटाटोप कशासाठी? १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी शोधयंत्राची एक नवी रीत मांडली. एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेला दुवा म्हणजे त्याच्या बाजूने पडलेलं मत. मत देणारं पान जितकं वजनदार, तितकं त्याच्या मताला वजन. या विचारावर गूगल उभं राहिलं आणि त्याच क्षणी दुव्याला बाजारभाव आला. नावाजलेल्या प्रश्नोत्तर-स्थळावर आपल्या दुकानाचा एक दुवा अडकवला की शोधाच्या यादीत दुकान वर सरकणार. हे रोखण्यासाठी जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन यांनी ‘नोफॉलो’ ही खूण मान्य केली. ती लावलेला दुवा शोधयंत्राने मत म्हणून मोजायचा नाही, असं ठरलं. दोन वर्षांनी इंग्रजी विकिपीडियाने आपल्या सगळ्या बाहेरच्या दुव्यांना ती लावली.

तरी जाहिराती थांबल्या नाहीत. यंत्राला वश करण्याचा मार्ग अरुंद झाला, पण माणूस उरलाच. आपण जाहिरातीचा फलक वाचताना सावध असतो, मात्र ‘मला याचा उपयोग झाला’ असं कुणी सांगितलं की तो सावधपणा गळून पडतो. शेजारच्या काकूंनी एका दंतवैद्याचं नाव सुचवलं तर आपण जातो. तो त्यांचा भाचा आहे हे आधी कळलं, तरीही कदाचित जातो, पण विचार करून जातो. तो विचार करण्याची संधी छुपा जाहिरातदार आपल्याकडून काढून घेतो. त्याला गिऱ्हाईक तर हवं असतंच, पण त्याहून जास्त हवी असते ती गिऱ्हाइकाची बेसावध घटका.

आता या खेळातल्या दुसऱ्या बाजूकडे येतो, आणि ही बाजू मला अधिक अद्भुत वाटते. स्टॅक ओव्हरफ्लो आणि त्याची शंभराहून अधिक भावंडं मिळून स्टॅक एक्स्चेंज नावाचं जाळं आहे. त्यात स्वयंपाकापासून गणितापर्यंत आणि बागकामापासून भाषांपर्यंत विषय आहेत. या जाळ्यावर पहारा देण्यासाठी ‘चारकोल’ नावाचा स्वयंसेवकांचा गट उभा राहिला. पगार नाही, हुद्दा नाही. त्यांनी ‘स्मोकडिटेक्टर’ नावाचं एक यंत्रमानवी खातं बनवलं. लाडाने त्याला ते ‘स्मोकी’ म्हणतात. जाळ्यावर कुठेही नवी पोस्ट पडली की स्मोकी ती चाळतो आणि संशय आला की गटाच्या गप्पांच्या खोलीत वर्दी देतो. वर्दीत संशयाची कारणं लिहिलेली असतात: उत्तराच्या शेवटी दुवा आहे, शीर्षकात फोन नंबर आहे, संकेतस्थळ काळ्या यादीतलं आहे, एकच अक्षर पुन्हा पुन्हा आलं आहे. प्रत्येक कारणाला मागच्या अनुभवावरून वजन दिलेलं असतं आणि वजनांची बेरीजही वर्दीसोबत येते.

मग खोलीतली माणसं निकाल देतात, तोही दोन-तीन अक्षरांत. ‘टीपी’ म्हणजे स्मोकी बरोबर, ‘एफपी’ म्हणजे स्मोकी चुकला. या निकालांची नोंद राहते आणि त्यावरून कारणांची वजनं पुन्हा ठरतात. शब्दांच्या काळ्या यादीत आपल्याकडचे पाहुणेही जाऊन बसले आहेत. वशीकरणवाले बाबा आणि प्रेमविवाह जुळवून देणारे ज्योतिषी आपले मोबाइल नंबर घेऊन या जाळ्यावर वारंवार अवतरत. नंबर पकडला जाऊ लागला तेव्हा आकड्यांच्या मध्ये चिन्हं घातली गेली. शब्द पकडला जाऊ लागला तेव्हा इंग्रजी ‘ए’च्या जागी हुबेहूब तसंच दिसणारं रशियन अक्षर बसवलं गेलं. वाचणाऱ्या डोळ्याला फरक दिसत नाही, पण यंत्रासाठी तो सर्वस्वी वेगळा शब्द असतो. त्यावर पहारेकऱ्यांनी अशी भेसळीची अक्षरं ओळखणारे नियम लिहिले. घरबसल्या, फुकट, रात्रीच्या रात्री जागून लोकांनी हे केलं आहे.

पोस्ट पुसली कशी जाते, तेही पाहण्यासारखं आहे. कुणाही एका साध्या सदस्याला ती पुसता येत नाही. ‘ही जाहिरात आहे’ असा लाल ध्वज ठरावीक संख्येने वेगवेगळ्या सदस्यांनी लावला, की पोस्ट आपोआप पुसली जाते, तिला कुलूप लागतं आणि लिहिणाऱ्याच्या खात्यातून १०० गुण वजा होतात. २०१७ पासून चारकोलच्या गटाने पुढचं पाऊल टाकलं. ज्या सदस्यांनी परवानगी दिली आहे त्यांच्या नावाने स्मोकी स्वतःच काही ध्वज लावतो, पण संशयाचं वजन फारच मोठं असेल तरच, आणि सगळेच ध्वज कधीच नाही. उरलेले माणसांनीच लावायचे. शेवटचा शब्द यंत्राकडे जाऊ नये, याची काळजी हे यंत्र बनवणाऱ्यांनीच घेतली, याचं मला फार मोल वाटतं.

उघड कचरा असा काही मिनिटांत साफ होतो. चिवट असतात ती साळसूद माणसं. कुणी जुनं, नावाजलेलं उत्तर जसंच्या तसं उचलतो आणि मधल्या एका शब्दावर आपला दुवा बसवतो. कुणी आज निरुपद्रवी उत्तर टाकतो आणि सगळ्यांचं लक्ष उडालं की महिन्याभराने ते संपादित करून त्यात दुवा घुसवतो. कुणी दोन-चार खाती पाळतो आणि आपल्याच उत्तराला मतं देत बसतो. या शेवटच्या प्रकारासाठी स्टॅक ओव्हरफ्लोवर रोज जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटे तीनला, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेआठला, एक प्रोग्राम चालतो. एकाच खात्याने एकाच माणसाला थोड्या वेळात मतांचा रतीब घातला असेल, तर ती मतं तो काढून टाकतो. किती मतं म्हणजे जास्त, हे मुद्दाम जाहीर केलेलं नाही. मर्यादा कळली की तिच्या एक पाऊल अलीकडे थांबणारे लगेच तयार होतील.

हा रोग इंटरनेटने आणला असं कुणाला वाटत असेल तर १८५५ सालात जावं लागेल. वॉल्ट व्हिटमनने ‘लीव्हज ऑफ ग्रास’ स्वतः छापून आणलं आणि त्याची निनावी परीक्षणंही नियतकालिकांतून स्वतःच लिहिली. एक-दोन नव्हे, तीन. पुस्तक थोर होतं आणि ते टिकलं, पण १८५५ च्या वाचकाला ती परीक्षणं कुणाची आहेत हे माहीत नव्हतं. त्यानंतर दीड शतकाने अमेरिकेतल्या होल फूड्स या किराणा साखळीचे प्रमुख जॉन मॅकी यांचं प्रकरण आलं. १९९९ ते २००६ अशी अनेक वर्षं ते याहूच्या शेअरबाजार चर्चेत ‘राहोडेब’ या नावाने लिहीत होते. त्यांच्या पत्नीच्या ‘डेबोरा’ या नावातली इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली की हे नाव बनतं. राहोडेब होल फूड्सची वाहवा करायचा, प्रतिस्पर्धी वाइल्ड ओट्सला नावं ठेवायचा, आणि मॅकींचा केशसंभारही त्याला आवडायचा. २००७ मध्ये होल फूड्स हीच वाइल्ड ओट्स विकत घ्यायला निघाली, सरकारी आयोगाने कोर्टात कागद दाखल केले आणि त्यातून राहोडेब कोण हे जगाला कळलं. रेडिट या चर्चास्थळाचे सहसंस्थापक स्टीव्ह हफमन यांनीही पुढे उघडपणे सांगितलं, की २००५ मध्ये सुरुवातीच्या दिवसांत ओस पडलेलं घर भरलेलं दिसावं म्हणून त्यांनी आणि सहकाऱ्याने अनेक खोट्या नावांनी मजकूर टाकला होता. आज त्याच रेडिटवर खोट्या खात्यांचा पाठलाग चालतो.

विकिपीडियाचा अनुभव याहून कडवट आहे. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनी एकमेकांशी जोडलेली ३८१ खाती एका फटक्यात बंद केली. पहिलं सापडलेलं खातं ‘ऑरेंजमूडी’ म्हणून प्रकरणालाही तेच नाव पडलं. ही मंडळी लहान व्यावसायिकांचे नाकारले गेलेले लेख हेरायची, विकिपीडियाचे मुरलेले संपादक असल्याचं भासवायची आणि लेख छापून देण्याचे, मग तो तसाच राखण्याचे पैसे मागायची. दोनशेहून अधिक लेख काढावे लागले. ज्यांनी पैसे मोजले ते बिचारे व्यावसायिकही फसलेलेच होते, हे विसरता येत नाही.

आता पहिल्या कोड्याकडे. या सगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वेळी शोधलेला उपाय जवळजवळ एकच निघाला. स्टॅक ओव्हरफ्लोचा नियम सांगतो: आपल्या वस्तूबद्दल लिहायला हरकत नाही, मात्र प्रश्नाला ती लागू असली पाहिजे, आपली सगळी उत्तरं तिच्याचबद्दल नसावीत, आणि आपला तिच्याशी असलेला संबंध उत्तरातच सांगितला पाहिजे. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०१४ मध्ये आपल्या वापराच्या अटींत भर घातली, की पैसे घेऊन लिहिणाऱ्याने कुणासाठी लिहितो ते जाहीर करावं. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या रचनांच्या १३ प्रकारांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. वापरकर्त्यांचा मजकूर किंवा बातमी असल्याचं भासवून केलेली जाहिरात हा त्यातला एक प्रकार आहे.

म्हणजे दोन खात्यांनी जे लपतं ते एका खात्याने आपोआप उघड होतं: विचारणारा आणि सांगणारा एकच आहे. सगळा फरक तेवढाच. ‘हा कन्व्हर्टर मीच लिहिला आहे’ हे पाच शब्द उत्तराच्या सुरुवातीला घातले, की तोच दुवा कचऱ्याऐवजी मदत ठरतो. मला तर वाटतं, त्याची किंमतही वाढते. ज्याने वस्तू बनवली त्याच्याइतकं तिचं बरंवाईट कुणाला ठाऊक असणार? ती कुठे अडते, कोणत्या फाइलवर कोसळते, हे तोच सांगू शकतो. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्याला हे काहीच सांगता येत नाही, कारण त्याला सतत आपण कुणी दुसरेच आहोत हे सांभाळायचं असतं.

म्हणून हाताळणीतही घाई नको. एखादी मुलगी नव्याने आली, तिला एखादं ॲप मनापासून आवडलं आणि पहिल्याच उत्तरात तिने त्याचा दुवा दिला, तर ती अगदी भाडोत्री प्रचारकासारखी दिसते. स्मोकीही चुकतो, म्हणून तर ‘एफपी’ची सोय आहे. जाणते सदस्य अशा वेळी ध्वज उगारण्याआधी उत्तराखाली सभ्यपणे एक वाक्य लिहितात: ‘या ॲपशी तुमचा काही संबंध आहे का? असल्यास उत्तरात लिहा.’ हा प्रश्न मोठी चाळणी आहे. प्रामाणिक माणूस एक तर ‘नाही’ म्हणतो किंवा ओशाळून उत्तर दुरुस्त करतो. भाडोत्री बहुधा गप्प बसतो किंवा नाहीसा होतो. खात्यामागच्या माणसाचं खरं नाव, त्याची नोकरी, त्याचा फोटो शोधून चव्हाट्यावर मांडणं मात्र कुठल्याच चांगल्या समुदायात चालत नाही, चालूही नये. कारवाई खात्यावर होते आणि मजकुरावर होते, माणसाच्या घरापर्यंत जात नाही.

या सगळ्याला गेल्या काही वर्षांत नवं वजन आलं आहे. चॅटजीपीटी २०२२ च्या ३० नोव्हेंबरला आलं आणि आठवड्याच्या आत स्टॅक ओव्हरफ्लोने त्याच्याकडून लिहून घेतलेल्या उत्तरांवर बंदी घातली, कारण बरोबर वाटणारी चुकीची उत्तरं ढिगाने पडू लागली होती. २०२४ मध्ये गूगलने रेडिटशी, तर चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने रेडिट आणि स्टॅक ओव्हरफ्लो या दोघांशी मजकुराचे करार केले. माणसांनी एकमेकांना दिलेली उत्तरं आता यंत्रांचं खाद्य आहेत. पूर्वी छुपी शिफारस ज्याने ते पान उघडलं त्यालाच भेटायची, आणि त्याला निदान लिहिणाऱ्याचं नाव, त्याची आधीची उत्तरं, खालच्या शंका दिसायच्या. यंत्राने तीच शिफारस आपल्या शब्दांत सांगितली की या सगळ्या खुणा गळून जातात आणि उरतो तो फक्त निर्विकार सल्ला. म्हणून पहिल्या पानावर, ती शिफारस ताजी असतानाच, कुणीतरी लाल ध्वज लावणं आज पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं आहे.

मराठीतही प्रश्नोत्तरांची ठिकाणं आहेत. कोरावर मराठीत कर्जापासून केसगळतीपर्यंत सगळं विचारलं जातं, फेसबुकच्या गटांत शेतीची औषधं आणि शिकवणीचे वर्ग सुचवले जातात. तिथे स्मोकी नाही, चारकोल नाही. तिथले पहारेकरी आपणच. एखादं उत्तर फारच गुळगुळीत वाटलं तर त्या सदस्याची आधीची पाच उत्तरं उघडून बघा आणि सगळ्या वाटा एकाच दुकानाशी जात असतील तर तक्रारीचं बटण दाबा. आणि तुमचं स्वतःचं ॲप असेल, पुस्तक असेल, लोणच्याचा घरगुती धंदा असेल, तर जरूर सांगा, भरभरून सांगा. फक्त पहिल्याच ओळीत लिहा, की हे माझं आहे.